कुकरच्या शिट्टीचं स्टेशन

नको हो, साखर नको! नवस फिटला, ते मलाही ठाऊक आहे, पण जिभेला कोण सांगणार? इतकी वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायले, कशापायी? रेडिओपायी! हसताय काय… तुम्हाला सांगते, आमच्या धाकट्या भाऊजींनी आमच्याच माळ्यावर रेडिओ स्टेशन काढलं. आसपासच्या गावांतली पोरंपोरी गोठ्यात, गॅरेजात बसून जे काही वाजवतात ना, जे दुसरं कुणी लावत नाही, तेच लावायचं! म्हणाले, “वहिनी, हे पर्यायी संगीत.” म्हटलं, “कशाला पर्याय, भाऊजी?” तर म्हणाले, “सगळ्यालाच!” मला मेलीला त्यातलं काही कळत नाही, पण लावलं की ऐकते.

आवाज घुमू नये म्हणून माझ्या गोधड्या भिंतींवर गेल्या… आम्ही कुडकुडतोय आणि भिंती उबेत! आमचे हे खालून ओरडायचे, “गाणं लागलंय की मांडणी कोसळली?” आणि एकदा खरंच कोसळली हो! तर वर ऐकणाऱ्यांचे फोन, “मघाचं परत लावा!”

पण खरी पंचाईत माझ्या कुकरची. माळ्याखालीच स्वयंपाकघर, संध्याकाळचा कार्यक्रम थेट, आणि भाताची वेळही तीच! भाऊजी गंभीर आवाजात म्हणणार, “आता ऐकू या एक उदास…” की फुस्स्स! मी लाजेनं अर्धी. शेवटी देवापुढे बसले. म्हटलं, “देवा, माझ्या कुकरपायी त्या लेकराची शोभा होतेय, त्याला स्वतःची जागा दे. देशील तोवर साखर सोडली.”

आणि दिली हो देवानं! बंद पडलेल्या छापखान्याची खोली, काचेची खिडकी, बाहेरचा जरासाही आवाज आत येत नाही. गोधड्या घरी आल्या. घर असं शांत झालं की आमचे हे छताकडे बघत जेवायचे. एकदा हळूच म्हणाले, “एखादं भांडं तरी पाड गं.” मला मेलीला त्यातलं काही कळत नाही, पण घास उतरेना!

तशात भाऊजी आले, तोंड एवढंसं. “वहिनी, स्टेशन बहुतेक बंद करावं लागणार. ऐकणारे गळताहेत. म्हणतात, ‘हे आमचं स्टेशन नाही, कुठल्या तरी ऑफिसातून बोलताय तुम्ही.’”

“अहो, पण कमी काय पडलं?”

मान खाली. “शिट्टी, वहिनी.”

म्हणे, घरापासून लांब नोकरी करणारा एक रखवालदार फोनवर बोलला, “शिट्टी झाली की वाटायचं, आत कुणीतरी भात लावलाय, आपलंही पान मांडलंय.” आता सांगा… असं ऐकून कुणी घरी बसेल?

उचलला कुकर! आता रोज छापखान्यात, शेगडीसमोर माइक. भाऊजी काचेतून खुणा करतात, “वहिनी, दुसऱ्या कडव्यानंतर!” कुकर काय माझ्या बापाचं ऐकतो? होते शिट्टी मधेच. पण फोन वाजतात हो, परत वाजतात! आमचे हेसुद्धा तिथेच जेवायला येतात, वर म्हणतात, “आज ढोल जरा कच्चा होता.” ढोल, भात नव्हे! मला मेलीला त्यातलं अजूनही काही कळत नाही, पण लावलं की ऐकते.

देवाचं काही चुकलं नाही. मागितली तशी जागा दिली त्यानं. स्टेशन जाईल तिथे स्वयंपाकघरही जाईल, हे नवस बोलताना माझ्याच डोक्यात आलं नाही… चला, उठते, तांदूळ धुवायचेत. बातम्यांनंतर मीच आहे!