उंदराच्या औषधाची जाहिरात

(फिलिपिन्समधलं इलोइलो शहर. घरातली उंदीर-झुरळं मारून देणाऱ्या कंपनीचं ऑफिस. नेनिता फोन घेते; आर्विन इंटरनेटवर जाहिराती लावतो, नेनिताला 'मनांग' म्हणजे ताई म्हणतो.)

नेनिता : फोनवर ती बाई किंचाळतेय, पोरीनं उंदराचं औषध खाल्लं, आणि मी विचारतेय, घर किती खोल्यांचं!

आर्विन : मनांग, आधी बसा. फोन कट झाला?

नेनिता : झाला. परत लावतेय, उचलत नाही. आपण काय डॉक्टर आहोत? आपला नंबर तिला दिला कुणी?

आर्विन : मी.

नेनिता : काय बरळतोस?

आर्विन : 'उंदराचं औषध' हे शब्द मी जाहिरातीला दिलेत, पण सैल सोडलेत. माणूस त्याच्या आसपासचं काहीही शोधो, सगळ्यात वर आपण दिसतो. चौकटी कंसात टाकले असते, तर फक्त नेमकं तेच शोधणाऱ्याला दिसलो असतो. पण साहेबांना फोन वाजायला हवे होते ना!

नेनिता : वाजला बघ! नको ते गाळता येत नाही?

आर्विन : येतं. गाळलंय की. 'फुकट', 'नोकरी', 'घरगुती उपाय'.

नेनिता : म्हणजे जे गिऱ्हाईक नाहीत, ते तेवढे गाळलेस. 'खाल्लं' नाही गाळलंस?

आर्विन : सुचलंच नाही, मनांग.

नेनिता : मग आत्ता घाल! बघतोस काय!

आर्विन : घालतोय. गाळताना मशीन अंदाज करत नाही, एकेक शब्द आपणच द्यायचा. खाल्लं, खाल्ला, गिळलं, चाटलं...

नेनिता : थांब, उचलला! हॅलो? हो, मघाची मीच. पोहोचलात? शुद्धीवर आहे? पुडी डॉक्टरांना दाखवा, टाकू नका... सांतो निन्यो, बाळ येशू, तुझीच कृपा! शेजाऱ्यानं ट्रायसिकल रिक्षातून नेलं रे. वेळेत आणली म्हणाले डॉक्टर.

आर्विन : मनांग, हे बघा.

नेनिता : आता का पांढराफटक पडलास?

आर्विन : लोकांनी काय काय शोधलं, त्याची यादी उघडली. मंगळवारी कुणीतरी शोधलंय, 'बाळानं उंदराचं औषध गिळलं'. आणि लगेच आपल्याला फोन केलाय.

नेनिता : मंगळवारी?

आर्विन : दुपारी. फोनवर तुम्हीच होतात ना?

नेनिता : एक बाई नुसती रडत होती. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. मीच ठेवला फोन.