दगडाची पिक

दुपारी वाद्यांचं दुकान पार पेंगुळलं होतं. भिंतीवरच्या गिटारीसुद्धा उन्हात डुलक्या काढत असाव्यात, असं तारा घ्यायला आलेल्या शाळकरी मुलीला वाटलं. रांगेत तिच्या पुढे एक आजी-आजोबा होते.

"अहो, नखाएवढ्या दगडाला एवढे पैसे? त्यात एखादी जुनी गिटार येईल."

"जुनी गिटार आहे घरी. बोटंच जुनी झालीत."

"बोटांना काय धाड भरलीय? आजारपणामुळे जरा बधिर झालीत, इतकंच."

"तारा छेडायची साधी प्लॅस्टिकची पिक हातातून पडली तरी मला कळत नाही. परवा मी नुसताच हात हलवत बसलो होतो."

"मला वाटलं, माशी हाकलताय."

"बघ म्हणजे."

"बरं, पारख करू. डोळे मिटा. दादा, एक साधी द्या इकडे, आणि ती दगडाचीही."

"मिटले. दे."

"हं."

"अगं, दे की. कशाची वाट बघतेस?"

साधी पिक आजोबांच्या चिमटीत केव्हाचीच होती. मुलीनं ती ठेवताना पाहिली होती. आजीनं ती अलगद काढून घेतली आणि तिथे दगडाची ठेवली.

"देते हो. किती ती घाई."

"आली. गार आहे गं. पहाटे नदीत हात घातल्यासारखं वाटतंय."

"दादा, हीच बांधून द्या."

"आता उघडू डोळे?"

"इतक्यात नको."

"का गं?"

"असंच. अजून काय काय कळतंय, ते सांगत राहा."