भोकाला कापड किती

(नागपूर, धरमपेठेतली एक शाळा. जानेवारी १९८०. स्नेहसंमेलनातल्या ग्रहताऱ्यांच्या नाटकाला चार दिवस. विज्ञानाच्या खोलीत बाकांवर साटिन, टेप, कात्री.)

कौसल्या : सूर्याचं झालं, शनीचं झालं. आता हे शेवटचं सांगा, बाई. भोकाले कापड किती लागते?

पुष्पलताबाई : भोक नाही हो. कृष्णविवर.

कौसल्या : यादी तुमचीच आहे. ‘सूर्य : पिवळं साटिन, चार मीटर. ग्रह : सुती, दीड-दीड मीटर, वरून चमकी. कृष्णविवर : काळी चादर, एक.’ बावीस वर्षं झाली मले मशीनवर बसून. भोक मले मालूम आहे. भोकाले कापड लागत नाही, भोकापायी कापड वाया जाते.

पुष्पलताबाई : अगदी बरोबर! विवराचंही तसंच असतं.

कौसल्या : हासू नोका. चादरीपुढं नाव कोणाचं लिहिलं, तेही वाचलं मी. विशाखा गजभिये, सातवी ब. माही पोरगी.

पुष्पलताबाई : हो, तेच सांगणार होते—

कौसल्या : बाकीच्या गोऱ्या गोऱ्या पोरी चमकीत, अन् माही सावळी तेवढी काळ्या चादरीखाली. नाव नक्षत्राचं, काम भोकाचं! लोक म्हणतीन, बरं झालं, हिले रंग लावा नाही लागला.

पुष्पलताबाई : अहो, रंगाचा काही संबंध नाही. आधी बसा बघू.

कौसल्या : बसत नाही. नाव खोडा. पृथ्वी करा, चंद्र करा, काही करा. नाही तं हे गाठोडं घेऊन चालली मी. मंग नाचू द्या तुमचे ग्रह बनियनवर.

पुष्पलताबाई : समजून तर घ्या. तारा म्हणजे स्वतः धगधगणारा. आपला सूर्य ताराच. ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. ताऱ्याचा अंगावर पडतो, त्यावर तो चमकतो.

कौसल्या : म्हणून त्याईले चमकी. समजलं. आमच्या वस्तीत बी एक नेता आहे, अन् नऊ जण त्याच्याभोवती चमकून राहिले.

पुष्पलताबाई : तसंच. आणि एखादा फार मोठा तारा जळून संपला, की स्वतःच्याच वजनानं आत आत खचत जातो. त्याचं होतं कृष्णविवर.

कौसल्या : म्हणजे मेलेला तारा? अवं माय! माह्या पोरीले मढं केलं तुम्ही!

पुष्पलताबाई : मढं कसलं! त्याच्याइतका जोर कुणात नसतो. एवढं ठासून भरलेलं असतं, की फार जवळ गेलेलं काही सुटत नाही. प्रकाशसुद्धा नाही.

कौसल्या : ठासून भरलेलं आहे, तं भोक काहून म्हणता? गाठोडं म्हणा ना.

पुष्पलताबाई : खरं म्हणजे गाठोडंच. पण आता पडलं नाव.

कौसल्या : पडलेलं नाव निघत नाही, बाई. म्हणूनच म्हणून राहिली, खोडा.

पुष्पलताबाई : कौसल्याबाई, मी तिला शनी दिला होता. कड्यासकट. तिनंच हात वर केला.

कौसल्या : तिनं? काहून?

पुष्पलताबाई : तिनं विचारलं, ‘सूर्य कोण आहे?’ मी म्हटलं, ओमप्रकाश. म्हणाली, ‘मग मी विवर.’

कौसल्या : ओमप्रकाश म्हणजे तो शाळा समितीच्या अध्यक्षाचा नातू?

पुष्पलताबाई : तोच. मधल्या सुट्टीत तिच्या रंगावरून रोज काहीबाही म्हणतो. मलाही परवाच कळलं.

कौसल्या : घरी एका शब्दानं बोलली नाही पोट्टी.... अन् नाटकात भोक काय करते?

पुष्पलताबाई : एकेक ग्रह चादरीखाली ओढून घेतं. सगळ्यात शेवटी सूर्य.

कौसल्या : प्रकाश बी सुटत नाही म्हणाल्या न तुम्ही?

पुष्पलताबाई : नाही सुटत.

कौसल्या : ओमप्रकाश बी?

पुष्पलताबाई : तोही नाही.

कौसल्या : सरका जरा. बसू द्या मले.

मुख्याध्यापक : आत येतो, पुष्पलताबाई. अध्यक्षसाहेबांचा निरोप आहे. सूर्य विवरात जाणार नाही.

पुष्पलताबाई : अहो सर, शेवटच तो आहे नाटकाचा!

मुख्याध्यापक : कापड त्यांच्या दुकानातून आलंय. नातू चादरीखाली गेलेला त्यांना चालणार नाही. असं करा, सूर्यानं विवराजवळ जावं, वाकून नमस्कार करावा आणि परत यावं.

पुष्पलताबाई : एवढं जवळ गेलेलं परत येत नाही, सर.

मुख्याध्यापक : आपल्या शाळेत येईल. समितीत ठराव झालाय.

पुष्पलताबाई : अख्ख्या विश्वात येत नाही!

मुख्याध्यापक : विश्वाला समिती नाही, बाई. आपल्याला आहे. नाही तर मग सूर्यालाच शेवटी विवर करा. मान राहील.

पुष्पलताबाई : सूर्य कधीच विवर होऊ शकत नाही. तेवढं वजनच नाही त्याच्यात.

कौसल्या : हे लेखी देऊन टाका त्याईले.

मुख्याध्यापक : या कोण?

पुष्पलताबाई : आपले कपडे शिवतायत. विशाखाची आई.

मुख्याध्यापक : अस्सं! मग तुम्हीच सांगा, एवढा झगझगीत सूर्य आणि गडप व्हावा, हे शोभतं का?

कौसल्या : नाही शोभत जी. सूर्य जवळ जाईन, वाकन, नमस्कार करन. तुम्ही म्हणता तसंच.

मुख्याध्यापक : बघा! यांना एका वाक्यात पटलं. कळवतो साहेबांना. येतो.

पुष्पलताबाई : हे काय केलंत? आता मी विशाखाला काय सांगू?

कौसल्या : काही नोका सांगू. सूर्याचा झगा मागून किती लांब आहे?

पुष्पलताबाई : घोट्यापर्यंत.

कौसल्या : पट्टी जोडून दीड हात वाढवते. देवमाणसाच्या मागं झूल लोंबलीच पाहिजे. नऊ ग्रह आधीच तिच्याकडं. हा नमस्कार करून वळला, का झूल त्याईच्या हातात, अन् हा आत.

पुष्पलताबाई : अहो, पण ठराव?

कौसल्या : ठराव सूर्याचा झाला. झुलीचा कुठं झाला?

पुष्पलताबाई : माझी नोकरी जाईल, कौसल्याबाई.

कौसल्या : नाही जात. शिवणवालीनं माप चुकवलं म्हणा. अन् ते चादर-बिदर नोको. चादर घसरते. मी झगा शिवते तिले, मोठ्या घेराचा. दहा पोट्टे मावले पाहिजेत. तोंड तेवढं मोकळं ठेवते.

पुष्पलताबाई : तोंड मोकळं? विवर दिसत नसतं हो.

कौसल्या : काजाच्या भोकाले कडेनं गोट मारावा लागते, बाई, नाही तं उसवते. सूर्याच्या पिवळ्या साटिनचे काप उरले आहेत. तिच्या तोंडाभोवती तेच लावते.

पुष्पलताबाई : ... ते मात्र चालेल. आत पडणारं सगळं पडण्याआधी तापून चमकतंच. कडेला उजेड असतो.

कौसल्या : असते न? मंग यादी दुरुस्त करा. भोकाले पाच मीटर.

पुष्पलताबाई : सूर्याला चारच आहे.

कौसल्या : हाव. मालूम आहे.