आता वास येत नाही

— नाही हो ताई, दुधात नाही. दुधात काही नाही. पोरीचं पोट बिघडलं हे वाईटच, पण म्हणून एकदम माझ्या दुधाचं नाव घ्यायचं? तेही गिऱ्हाइकांसमोर? बरं, गेल्या त्या बायका, म्हणून बोलते — बसा, त्या बाकावर बसा, तिथं कोरडं आहे. हे बघा, धार काढायच्या आधी मी सड धुते, पुसते, फडकं रोजच्या रोज उकळते. किटल्या कढत पाण्यानं धुवायच्या, मग उन्हात पालथ्या. आणि पाणी घातलं म्हणाल तर — हसू नका, सगळेच गवळी असं म्हणतात ठाऊक आहे मला — पण मी नाही घातलं कधी. हे गेले तेव्हा घरात हाताशी पैसा नव्हता, तेव्हाही नाही घातलं. आणि माझं दूध काय फक्त तुमच्या कॉलनीत जातं? जुन्या बाजारात जातं, स्टँडमागच्या चाळीत जातं. तिथं कुणाचं पोट बिघडलं? कुणाचंच नाही. मग दुधाला काय तुमचं दार कळतं? — काय म्हणालात? शेजारच्या आजोबांनाही झालंय? झालं तर मग! ते कुठं माझं दूध घेतात, ते पिशवीचं आणतात. बघा, तुम्हीच बोललात. माझ्या दुधाचा काही संबंध नाही. किटल्या विसळायलासुद्धा मी खालचं पाणी वापरत नाही, पार रस्त्यापलीकडून वरच्या विहिरीचं आणते, डोक्यावरून.

का म्हणजे? असंच. वरचं पाणी गोड आहे. खालचं जड — डाळ शिजत नाही त्यात. तुम्ही उगाच मला शब्दात पकडू नका. मी काय डॉक्टर आहे का कशानं झालं ते सांगायला?

तुमचे मिस्टर बरे आहेत ना? आता वास येत नाही ना त्यांना? नाही हो, टोमणा नाही मारत, खरंच विचारते. मागं त्यांना फार त्रास व्हायचा. तुम्ही राहायला आलात तेव्हा ते गच्चीवर उभे राहायचे आणि आमच्या गोठ्याकडे असं बघायचे, जसं काही आम्हीच रात्रीतून येऊन त्यांच्या अंगणात जनावरं बांधली. अहो, गोठा आधीचा! खालचं सगळं शिवार होतं, तुमचं स्वयंपाकघर आहे ना, तिथं आम्ही मका करायचो. चुलत सासऱ्यांनी विकलं, नगरपालिकेनं हद्द वाढवली, घरं उठली — उठू देत, माणसांनी राहायचं कुठं? पण मग माश्या आमच्या, वास आमचा, पहाटे किटल्या वाजतात तो आवाज आमचा. सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज गेला आणि आम्हाला नोटीस आली, की शहराच्या हद्दीत गोठा चालणार नाही, जनावरं हलवा. कुठं हलवू? खिशात घालू? भाऊजी — माझे धाकटे दीर, हे गेल्यापासून गोठा तेच बघतात — ते आठवडाभर जेवले नाहीत धड. जनावरांच्या पाठीवरून हात फिरवत बसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पण ते नगररचनेचे साहेब, ते माणूस वाईट नाहीत, मी खोटं नाही बोलणार. म्हणाले, कुणाला उठवायचं नाही, कुणाचं नाकही दाबायचं नाही, समोरासमोर बसून मार्ग काढू. शेतकरी एका बाजूला, कॉलनी एका बाजूला, मधे साहेब. भाजीवाले होते, ऊसवाले होते, त्यांचं फवारणीचं भांडण होतं तुमच्याशी, तेही मिटवलं — वारा तुमच्याकडे असेल तेव्हा फवारायचं नाही. आमचं शेवटी निघालं. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला, म्हणाले, त्रास गोठ्याचा नाही, शेणखड्ड्याचा आहे. तो कॉलनीला लागून आहे, तो तिथून काढून वरच्या माळाच्या कोपऱ्यात न्या. तिथून वारा उलटा जातो. गोठा राहील, वास जाईल. सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही पण होता, दुसऱ्या रांगेत, पोर मांडीवर. गोड झोपली होती.

भाऊजींनी त्या दिवशी दोनदा अंघोळ केली होती. दोनदा! इस्त्रीचा शर्ट घातला, ह्यांचं ठेवलेलं अत्तर लावलं, जसं काही मुलगी बघायला निघालेत. आणि खुर्ची नेमकी मिळाली आमच्या बाजूच्या टोकाची, तुमच्या मिस्टरांशेजारी. तर मिस्टरांनी काय केलं — तुम्ही पाहिलंच असेल — रुमाल काढला, नाकाला लावला, आणि खुर्ची करकर ओढत तिकडं सरकवली. मुद्दाम नसेल केलं. माणसाचा हात सवयीनं जातो. पण मागं कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी उठून खिडकी उघडली. साहेब विचारत होते, जागेबद्दल कुणाची हरकत? आणि भाऊजींचा हात वर जायला लागला होता. मी पाहिला ना. कोपरापर्यंत उचललेला हात तसाच खाली आला आणि गुडघ्यावर जाऊन बसला. म्हणाले, ‘हरकत कसली. साहेब बोट ठेवतील तिथं खड्डा काढतो.’ आणि हसले. टाळ्या झाल्या. तुमचे मिस्टर पुढे येऊन हात मिळवून गेले. मग तो हात त्यांनी कुठं पुसला ते मी नाही सांगत.

घरी येताना मी विचारलं, ‘भाऊजी, सांगितलं का नाही?’ तर म्हणाले, ‘कुणी विचारलं?’ ‘अहो, हरकत विचारली की साहेबांनी.’ तर चालता चालता थांबले, मागं वळून तुमच्या घरांच्या दिव्यांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘वास नको होता ना त्यांना, वहिनी? आता वास येणार नाही.’

काय सांगायचं होतं म्हणजे? काही नाही, जुनी गोष्ट. सासऱ्यांच्या वेळची. म्हाताऱ्यांनी एकदा जनावरं धुवायचं औषध त्या माळाच्या कोपऱ्यात सांडलं, आख्खं पिंप. जमिनीनं असं गटकन पिऊन टाकलं. आणि थोड्याच दिवसांत खालच्या मळ्यातल्या विहिरीला त्याच औषधाचा वास. वर कातळ आहे, ताई, आणि त्याला भेगा आहेत. वर ओता, खाली निघतं. घरात पोरासोरांना ठाऊक होतं. त्या कोपऱ्यात आम्हाला साधं लघवीला बसू द्यायच्या नाहीत सासूबाई. ती विहीर मग बुजवली. तिथंच आता तुमची — तिथंच कुठंतरी तुमची बोअर आहे वाटतं. मला नक्की नाही माहीत. मी काय मोजायला गेले होते?

पण खड्डा चांगला चाललाय हो! साहेब बघून गेले मध्ये, फार खूश झाले. म्हणाले, बाकीच्या गावांतल्या लोकांना आणून दाखवतो. म्हणाले, इतक्या जनावरांचं शेण-मूत आणि खड्डा काठोकाठ भरत कसा नाही? भाऊजी म्हणाले, ‘उन्हानं आटतं, साहेब.’ साहेबांनी लिहून घेतलं. भाऊजी हल्ली खुशीत असतात. जेवतात नीट. गोठ्याचं धुणं तिकडं, गोचिडांचं औषध उरलं की तेही तिकडंच. मागच्या पंधरवड्यात वासरू दगावलं, तर पुरायला नको का? मी म्हटलं, लांब माळाच्या दुसऱ्या टोकाला पुरू. तर म्हणाले, ‘खड्डा आहे की.’ ओढत घेऊन गेले. मी बघत राहिले. मी काय बोलणार, आपलेच दात, आपलेच ओठ...

उठलात का? बसा. ताई, बसा हो. मी काय बोलले? काही बोलले नाही मी. दुधाला नावं ठेवलीत म्हणून तोंडातून गेलं, हात दाखवून अवलक्षण झालं माझं. कुठं निघालात? साहेबांकडे? आणि साहेब काय करतील? खड्डा बुजवा म्हणतील? नाही म्हणणार, गोठा उचला म्हणतील. पोलीस येतील, भाऊजींना नेतील, जनावरं बाजारात उभी राहतील दावणीनं, आणि मी? मी म्हातारी बाई कुणाच्या दारात जाऊ? मी तर काही केलं नाही. मी फक्त — मला वाटलं, नसेल होत आता तसं. इतक्या वर्षांत भेगा बुजल्या असतील. मातीनं बुजतात ना? मग वाटलं, कुणाला काही झालं नाही अजून. मग ते आजोबा... आणि आता तुमचं पोर. काल तुम्ही आला नाहीत, तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही, खरं सांगते.

इकडं ये पोरी. जवळ ये, मोठ्यानं बोलायला लावू नको. ते बोअरचं पाणी पाजू नको तिला. उकळून काय होतंय, उकळून जंतू मरतात, औषध थोडंच मरतं? अंघोळसुद्धा नको. डॉक्टरला सांग — गोठ्याचं औषध पोटात गेलंय म्हणून सांग, नाव मी सांगते, ते पिंपावर लिहिलेलं असतं, मी चिठ्ठीवर — नाही, चिठ्ठी नको, भाऊजी माझं अक्षर ओळखतील. मी उद्या सकाळी — नाही, उद्या नको. आत्ताच, आत्ता मी आत जाऊन बघून येते, तू इथंच —

थांब.

— अहो भाऊजी, लवकर आलात! नाही, काही नाही, दूध न्यायला आल्यात ताई. हो, त्याच, कोपऱ्यावरच्या घरातल्या. नाही हो, रडतायत कुठं, गोठ्यातल्या धुरानं डोळे झोंबले त्यांचे. भांडण? भांडण कशाला होईल, मापावरून जरा... हातातली पहार ठेवा तरी खाली, किती जड आहे ती. मी येतेच आत. — ताई, किटली उचला. उचला म्हणते ना. आणि भाऊजी विचारतायत, ऐकू आलं नाही का, बाळ कसं आहे म्हणून. वर बघा. बरं आहे म्हणा. मोठ्यानं म्हणा. — बघा भाऊजी, बरं आहे म्हणतात. जा आता, ताई. जा, अंधार पडेल.