कुत्रं मागं नव्हतं

पौर्णिमा : हात सोड आधी. घरात आलो आपन, आता कुठं पळून जाईन मी?

भागिरथा : नाही सोडत. बस खाली. पानी पे.

पौर्णिमा : आई, मी शेवटचं सांगून राह्यली. जीव द्यायले चालली नव्हती मी. पळायले गेली होती. लोकं सकाळी पळतात तसं.

इंद्रभान : इहिरीच्या वाटेनं?

पौर्णिमा : काका, मेडशीत पळायसारखी वाट दुसरी कोनती हाय? हायवेवर ट्रक, इकडं नुसती गिट्टी. शाळेत होती तव्हा बी त्याच वाटेनं पळत होती मी. शेजारचे म्हून तुमीच शाबास म्हनत होते तव्हा.

इंद्रभान : तव्हा तू पोरगी होती. आता सासरची बाई हाय. काल एकटीच आली, लेकरू सासूपाशी ठेवून. कोनाशी धड बोलली नाही. आज फटफटलं नाही तं केस बांधून इहिरीकडं सुसाट. मानूस काय समजन? गाडी वावराच्या धुऱ्यावर टाकली अन् बोंब मारली. आपली बी काही जिम्मेदारी हाय.

पौर्णिमा : साऱ्या वस्तीत बोंब. माहा भाऊ प्रसेनजित रोज त्याच वाटेनं पळते. भरतीची तयारी करून राह्यला म्हून त्याले अंडी उकडून भेटतात. त्याच्या मागं कधी बोंब मारली कोनी?

भागिरथा : त्याचं येगळं.

पौर्णिमा : काय येगळं? इहीर पोराइले घेत नाही काय?

भागिरथा : तोंड सांभाळ.

इंद्रभान : पोरी, मागच्या साली वस्तीतली मंजुषा त्याच वाटेनं इहिरीत गेली. साऱ्यांनी पाह्यलं, कोनी अडवलं नाही. म्हून आज धावलो. गलतफहमी झाली तं झाली.

पौर्णिमा : तिच्यासाठी धावले असते तं पाय धरले असते तुमचे. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. अन् धनजले, माह्या सासरी, फोन कायले केला?

इंद्रभान : जावयाले सांगा लागते नं. अश्वजित निघाला बी असन.

पौर्णिमा : झालं मग. तो मले घेऊनच जाईन आता. मी इथं आली कायले, हे इचारलं कोनी? तिथं सासऱ्याच्या समोरून पळता येत नाही. लग्न झालं, पोरगं झालं, पाय चुलीपाशी थिजून गेले. म्हटलं, माहेरी चार रोज पळून पाहू, अंगात काही उरलं हाय का. पयल्याच दिवशी तुमी माही वरात काढली.

भागिरथा : आता ऐक. जावई आले का सांगाचं, कुत्रं मागं लागलं होतं. भाऊजी, तुमी बी तेच सांगा.

इंद्रभान : हाव. गिरनीपाशी बसते ते पिसाट. कोनी बी मानन.

पौर्णिमा : बाईले पळायले कुत्रं लागते काय? कुत्रं तरी पाहिजे, नाहीतं मरन तरी पाहिजे. तिसरं काही कारन नाही?

भागिरथा : हळू बोल. लोकाइचं तोंड कोन धरते?

पौर्णिमा : बोलू दे लोकाइले. आई, खरं सांगू, मले राग कायचा येऊन राह्यला? काकाचा नाही. वस्तीचा बी नाही. तू मले धरलं.

भागिरथा : मंग काय पाहात उभी राहू?

पौर्णिमा : तसं नाही वं. तू धरलं. लुगडं खोचून, अनवानी. तुह्या गुडघ्याले रोज तेल लागते. मी जीव खाऊन पळत होती, सारं अंग पेटलं होतं, अन् पुलाच्या अलीकडंच तुहा हात खांद्यावर पडला. जिल्ह्याच्या ग्राउंडवर मले कोनी धरलं नव्हतं, आई. एका बी पोरीनं नाही.

(मोबाईल वाजतो.)

इंद्रभान : जावईच हाय. घ्या वहिनी. कुत्रं, ध्यानात ठेवा.

भागिरथा : जय भीम, जावईबापू... हाव, घरीच हाय, धड हाय... नाही, भांडन नाही... नाही, कुत्रं बी नाही. पयाले गेली होती... असंच. लोकं पयतात तसं... या नं, जेवून जा. पन ती आज येनार नाही, चार रोज राहीन. पयाचं हाय तिले... लेकराले घेऊन या. आमी पाहू त्याले.

इंद्रभान : वहिनी, ठरलं काय होतं?

भागिरथा : भाऊजी, तुमाले बोंब मारता येते नं? आता जा अन् तशीच वस्तीभर मारा. भागिरथाची पोरगी उद्या बी पयनार हाय म्हना.

पौर्णिमा : आई...

भागिरथा : चहा पे. अन् उद्या जरा जोरात पय. आज तुले या गुडघ्यानं धरलं, अन् मलेच लाज वाटली.