दोन्ही पायांचं माप

…नाही, पण मला सांगा, माप घ्यायला मला शिकवायचं? मला? चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या!

तर तुम्हाला सांगतो, खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी सोडताना सिस्टर म्हणाली, "आजोबा, पायात रक्ताची गाठ होऊ शकते, ती सरकून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, म्हणून रोज दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, या कागदावर लिहायच्या, एक पाय सुजला की लगेच यायचं." आणि सुनेला टेप कसा धरायचा ते दाखवायला लागली… उलटा! आकडे खाली डोकं, वर पाय! मी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर सून टेप घेऊन हजर. म्हटलं, ठेव तो खाली, चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या. ती बिचारी म्हणाली, "बाबा, दोन्ही मोजा हं." मी काय म्हणालो? सांगायलाही लाज वाटते… म्हणालो, तू तुझा कुकर बघ.

आणि मोजला एकच. चांगला पाय. ऑपरेशनचा दुखत होता हो, वाकवत नव्हता… पण खरं सांगू का? दुखत नसता तरी एकच मोजला असता. आमच्या धंद्यात दुसरा पाय कोण मोजतो? एक मोजायचा, दोन कापायचे! चौतीस सेंटिमीटर लिहिलं, दुसऱ्या पायापुढे लिहिलं, 'तेवढाच'. पाच दिवस. चौतीस, तेवढाच. चौतीस, तेवढाच.

सहाव्या दिवशी बायको पायजमा चढवत होती, तो पोटरीत अडकला. मी शिवलेला पायजमा! म्हटलं, धुण्यात आटला असेल. बायको म्हणते, "एकच पाय आटला?"

सुनेने न विचारता टेप लावला. उलटाच. अडतीस! टेप तिथेच टाकून सरळ रिक्षा आणायला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं हो…

मग सोनोग्राफी. थंडगार जेल, डॉक्टर पोटरीवर यंत्र दाबतोय, पडद्यावर बघतोय. गाठ! म्हणाला, अजून दोन दिवस गेले असते तर… आणि थांबला. बाकावर सून पदराने डोळे पुसत होती. माझ्यासाठी. जिला मी कुकर बघायला पाठवलं होतं, ती. मला त्या पलंगाखाली जावंसं वाटलं, पण खुबा वाकेना.

डॉक्टरने कागद घेतला. "'तेवढाच' म्हणजे काय? कोणी मोजलं?" मी छताकडे बघतोय. बायको म्हणाली, "यांनीच. टेलर आहेत हे, चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे यांच्या."

डॉक्टरने चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, तुम्ही? कॉलेजात असताना माझी पॅन्ट तुम्ही शिवली होती. एक पाय तंग होतो म्हणून तक्रार घेऊन आलो, तर तुम्ही म्हणालात, पाय सुजला असेल, डॉक्टरला दाखव!"

आता काय… रक्त पातळ करायच्या गोळ्या तीन महिने. टेप सुनेच्या गळ्यात. रोज मोजते. उलटा धरते हो अजून! मी बोलत नाही. उलटा धरते, पण दोन्ही मोजते.