राउटरचा राहुकाळ

राउटर मुहूर्तावर सुरू करायचा असतो हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. मला आमच्या तंजावरच्या ऑफिसातल्या माधवरावांनी शिकवलं. मॅनेजर, आणि आपल्यासारखेच इथले मराठी.

परदेशी राउटर नुकते मिळायला लागले होते. एक आमच्याकडे, एक पापनाशमच्या शाखेत. दोन्हींत एकच पासवर्ड घातला, म्हणजे पापनाशमचा राउटर फक्त आमच्या राउटरची वेळ मानणार, परक्या कुणाची नाही.

"आज शुक्रवार. राहुकाळ बाराला संपतो, मगच सुरू करायचं," माधवराव म्हणाले.

आमच्या राउटरची वेळ मीच लावली होती. त्यावर बारा वाजले. कापूर लावला, नारळ फोडला, माधवरावांनी एंटर दाबलं. दोन्हीकडची वेळ जुळली, टाळ्या झाल्या. आणि थोड्या वेळानं गावातला बाराचा भोंगा वाजला.

"वेळ कुठून घेतलीस रे?" माधवरावांनी मला विचारलं.

"तुमच्या डोक्यावरच्या घड्याळातून, सार."

ते घड्याळ त्यांनीच दहा मिनिटं पुढं ठेवलं होतं, लोक वेळेवर यावेत म्हणून. म्हणजे एंटर ऐन राहुकाळातच दाबलं गेलं होतं. माधवराव घड्याळाकडे बघत राहिले.

"राहूकडे आपला पासवर्ड आहे का?"

"नाही, सार."

"मग त्याची वेळ आपण कशाला मानायची? केसरीचा शिरा वाटा."